पुराचीं छायाचित्रें

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त सभागृहांत भरविलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या प्रारंभीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली हा आनंदाचा सण. देवालयाला नवा रंग लागला आहे, वेदी फुलांनीं सजली आहे, बँडवाल्यांना विडा दिला गेला आहे, आणि घरोघरीं पाहुण्यांची वाट पाहणें चाललें आहे. अशा मंगल प्रसंगीं भिंतीवर पुराचीं छायाचित्रें लावावींत कीं नाहीं, ह्याविषयीं आपल्या ज्युबिली मंडळांत बराच वाद झाला, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. कित्येकांचें म्हणणें असें पडलें कीं, लग्नघरीं कोणी मर्तिकाच्या गोष्टी काढीत नाहींत. दुसरे म्हणाले, ज्या घरानें मर्तिक पाहिलें नाहीं असें लग्नघर कोठें आहे? आम्हीं दोन्ही पक्षांचें ऐकून घेतलें, आणि खरें सांगावयाचें तर प्रथम पहिल्याच पक्षाकडे झुकलों. पुढें आमचें मत कां पालटलें, तें सांगण्यासाठींच आज आम्ही आपणांपुढें उभे आहों.

हीं छायाचित्रें २६ जुलै २००५ ह्या दिवसाचीं व त्यापुढील दोन-तीन दिवसांचीं आहेत. वार मंगळवार होता. ख्रिस्तसभेच्या पंचांगांत तो दिवस देवमातेचे आईबाप संत योआकिम व संत आन्ना ह्यांच्या स्मरणाचा आहे. म्हणजे ख्रिस्तप्रभूच्या आजा-आजीचा दिवस. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण त्या दिवशीं पाण्याचा पहिला घाला पडला तो तळमजल्यावर खाटेला खिळलेल्या आजा-आजींवरच.

सकाळीं आषाढांतला नित्याचा पाऊस होता. मुलें शाळेंत गेलीं, माणसें कामावर गेलीं. दोन प्रहरीं आभाळ काळवंडलें, आणि सरी अशा कोसळूं लागल्या कीं समोरचें घर दिसेना. आपल्या शेजारींच सांताक्रूझ येथें हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिच्या मापांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढें पाणी सपाट जमिनीवर जसेंच्या तसें उभें केलें तर तें तीन फुटांच्या वर जातें. येथें सबंध वर्षांत जितका पाऊस पडतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाऊस त्या एका दिवसांत पडला. आणि नवल असें कीं, तेवढ्याच वेळांत कुलाब्याच्या वेधशाळेंत ७५ मिलिमीटर देखील भरले नाहींत. कोटांतील कचेरींत बसलेल्या माणसाला आपलें वाकोल्याचें घर बुडत आहे ह्याची कल्पनाही नव्हती.

लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, विमानतळ बंद पडला, वीज गेली, दूरध्वनि मुके झाले. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून हजारों माणसें अंधारांत एकमेकांचा हात धरून रात्रभर चालत राहिलीं. कालिन्याची एअर इंडिया वसाहत पाण्यांत गेली, साकीनाक्याला दरड कोसळून घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. एकट्या मुंबईंत त्या पुरानें व दरडींनीं चारशेंहून अधिक माणसें गेलीं. महाराष्ट्रभर मेलेल्यांची संख्या हजाराच्या घरांत पोहोंचली. हे आंकडे आपण वर्तमानपत्रांत वाचले आणि विसरून गेलों. परंतु ह्या भिंतीवरचीं चित्रें आंकडे नाहींत. तीं आपलीं घरें आहेत.

ह्या चित्रांपुढून आपण जाल तेव्हां घाई करूं नये, अशी आमची विनंति आहे. पुराचें चित्र कसें वाचावें तें आम्ही स्वतःही ह्या महिन्यांतच शिकलों. पहिलें पाहावयाचें तें माणसांकडे नव्हे, भिंतीकडे. पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक मळकट रेघ उरते. ती त्या दिवसाची सही होय. एका चित्रांत ती रेघ घरांतील वेदीच्या पाटावरून गेली आहे, आणि येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या चौकटीचा खालचा कांठ तेवढा भिजला आहे. दुसऱ्या चित्रांत ती दाराच्या कडीच्या वर आहे. तिसऱ्या चित्रांत रेघच नाहीं. कारण पाणी माळ्यापर्यंत गेलें होतें. 

दुसरें पाहावयाचें तें पाणी कोणत्या बाजूनें येत आहे. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं नाला फुगला आणि रस्त्यावरून चालत घरीं आला. परंतु तळमजल्याच्या खोल्यांचीं चित्रें नीट पाहा. उंबरा अद्याप कोरडा आहे, आणि मोरींतून मात्र पाणी वर येत आहे. ज्या वाटेनें घरांतलें पाणी बाहेर जावयाचें, त्याच वाटेनें बाहेरचें पाणी आंत आलें.

असें कां झालें? ह्याचें उत्तर कळल्यावांचून हीं चित्रें केवळ करमणूक होतील. म्हणून थोडें सविस्तर सांगतों. आपला वाकोला नाला हा मिठी नदीला मिळणारा ओहोळ आहे. मिठी विहार व पवई ह्या तलावांच्या सांडव्यांपासून निघते, आणि सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडींत समुद्राला मिळते. विहारचा तलाव १८६० सालीं पुरा झाला. तहानलेल्या मुंबई शहराला पाणी पाजण्यासाठीं तो मिठीच्या खोऱ्यांत बांधला गेला. म्हणजे ह्या नदीनें मुंबईची तहान भागविली, आणि मुंबईनें तिला गटाराची कळा आणली. विमानतळ वाढला तशी ती धावपट्टीखालून जाऊं लागली व काटकोनांत वळविली गेली. जेथें आज वांद्रे-कुर्ला संकुल उभें आहे तेथें पूर्वीं खाजण व तिवरांचें रान होतें. भरतीचें पाणी व पावसाचें पाणी तेथें पसरून दम खात असे. तें रान गेलें, खाजण भरलें, आणि पाण्याला दम खावयास जागा उरली नाहीं.

मुंबईचीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळीं, वाहून नेतील अशा बेतानें बांधलेलीं होतीं. त्या दुपारीं सांताक्रूझला एका तासांत १९० मिलिमीटर पाऊस झाला, आणि समुद्राला साडेचार मीटरांच्या जवळपास भरती होती. खाडीचें तोंड समुद्रानें दाबून धरलें. पाठीवर डोंगराचें पाणी आलें. मधें आपण होतों. पुढें सरकारनें माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली, मिठी नदीसाठीं निराळें प्राधिकरण स्थापिलें, आणि नदी रुंद व खोल करण्याचें काम हातीं घेतलें. तें आवश्यकच होतें. तरी २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत पुनः पाणी चढलें, आणि आपल्यांतील पुष्कळांनीं अर्ध्या रात्रीं गाद्या माळ्यावर टाकल्या, हें कोणी विसरलें नसेल.

हें संकट आपल्यावरच आलें असें मात्र समजूं नये. १९१० सालच्या जानेवारींत पॅरिस शहरीं सेन नदीला मोठा पूर आला. त्या पुराचीं असंख्य छायाचित्रें निघालीं, तीं पोस्टकार्डांवर छापून विकलीं गेलीं, आणि आज शंभराहून अधिक वर्षांनीं लोक तीं जपून ठेवतात. रस्त्यांतून होड्या चालल्या आहेत, खिडक्यांपासून खिडक्यांपर्यंत फळ्यांच्या पायवाटा घातल्या आहेत, टोपीवाले गृहस्थ तोल सांभाळीत चालले आहेत. तेथील आल्मा पुलाशीं एका शिपायाचा दगडी पुतळा आहे. पाणी किती चढलें हें पॅरिसकर त्याच्या अंगावरून मोजतात. त्या वेळीं तें त्याच्या खांद्यांपर्यंत आलें होतें. आणि आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, नदीपासून दूर असलेल्या सें-लाझार स्टेशनाभोंवतीं तळें सांचलें. तेथेंही पाणी रस्त्यावरून नव्हे, जमिनीखालच्या गटारांतून व बोगद्यांतून आलें होतें. पॅरिसची मोरी आणि वाकोल्याची मोरी ह्यांत पाण्यानें भेद केला नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत पुणेंकरांना पुराचें नांव काढतांच १२ जुलै १९६१ आठवतो. त्या सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेच्या लोंढ्यानें लकडी पूल पाण्याखालीं घातला. तेव्हांच्या धूसर काळ्या-पांढऱ्या चित्रांवरूनच आज नातवंडांना कळतें कीं आजोबांचा वाडा कोठें उभा होता.

तर मग, बंधूंनो, छायाचित्राचा उपकार मोठा. परंतु छायाचित्राची एक खोडही आहे, आणि ती जाणल्यावांचून त्यावर पूर्ण विश्वास टाकूं नये. छायाचित्र एवढेंच सांगतें कीं त्या क्षणीं, त्या ठिकाणीं कोणाच्या तरी हातीं कॅमेरा होता, आणि तो हात रिकामा होता. २००५ सालीं कॅमेरा असलेले मोबाईल फार थोड्यांकडे होते. पुष्कळ घरांत फिल्मचा कॅमेरा कपाटांत असे, आणि कपाट पाण्यांत होतें. म्हणून ह्या प्रदर्शनांत सर्वांत मोठ्या संकटाचीं चित्रें नाहींत. ज्या जागीं पाणी गळ्यापर्यंत होतें तेथें चित्र कोण काढणार? ज्या तरुणानें दोर कमरेला बांधून शेजारच्या चाळींतील म्हातारीला ओढून काढलें, त्याचें चित्र नाहीं. ज्या मुसलमान कुटुंबानें आपल्या वरच्या मजल्यावर सतरा माणसांना रात्रभर ठेवून घेतलें, आणि चुलीवर एकच भांडें असतां सर्वांना चहा पाजला, त्यांचेंही चित्र नाहीं. जेथें चित्र नाहीं तेथें आपण आपल्या जिभेनें तें भरून काढावें. प्रदर्शन पाहतांना नातवंडांना जवळ घेऊन बोला. नुसतें बोट दाखवून पुढें जाऊं नका.

आणखी एक गोष्ट. पुराचीं चित्रें टिकलीं, परंतु पुरांत जीं चित्रें बुडालीं त्यांची मोजदाद कोणी केली नाहीं. स्नानसंस्काराचीं, पहिल्या कम्युनियनचीं, लग्नाचीं, परदेशीं गेलेल्या मुलांचीं, मेलेल्या आईबापांचीं. भांडीं पुनः घेतां आलीं, कपाट पुनः घेतां आलें. आईचें एकमेव छायाचित्र पुनः घेतां आलें नाहीं. एका घरानें आम्हांला लग्नाचा आल्बम आणून दिला. त्यांत वधूच्या जागीं गुलाबी डाग आहे, वराचा एक खांदा व बटणाला लावलेलें फूल उरलें आहे, आणि मागें देवालयाचें दार स्पष्ट दिसत आहे. तें पान आम्हीं तसेंच चौकटींत घालून येथें लाविलें आहे. कांहींना तें विद्रूप वाटेल. तें कां लाविलें, ह्यासाठीं एक हकीकत सांगतों.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीला भयंकर पूर आला. तेथें सांता क्रोचे नांवाचें प्राचीन देवालय आहे. सांता क्रोचे म्हणजे पवित्र क्रूस. आपल्या सांताक्रूझ ह्या नांवाचा अर्थही तोच. त्या ठिकाणीं चिमाबुए नांवाच्या चित्रकारानें तेराव्या शतकांत रंगविलेला मोठा लांकडी क्रूस होता. पूर ओसरला तेव्हां त्यावरील निम्म्याहून अधिक रंग धुवून गेला होता, आणि प्रभूचें मुख देखील फाटल्यासारखें झालें होतें. देशोदेशींचे तरुण तेथें धांवून गेले. चिखलांतून पुस्तकें व चित्रें उचलूं लागले. लोकांनीं त्यांना चिखलांतले देवदूत असें नांव दिलें. पुढें त्या क्रूसावर बरींच वर्षें काम झालें. कसबी माणसांना नवा चेहरा रंगविणें अशक्य नव्हतें. परंतु त्यांनीं तसें केलें नाहीं. जेथें मूळ रंग गेला होता तेथें त्यांनीं बारीक बारीक रेघांनीं असा रंग भरला कीं, दुरून पाहणाऱ्याला क्रूस अखंड भासावा, परंतु जवळ जाणाऱ्याला कोठें हानि झाली तें स्पष्ट दिसावें. जें गेलें तें गेलेंच असें सांगण्याचा प्रामाणिकपणा त्या हातांनीं राखला.

ही हकीकत आम्हीं गुरुविद्यालयांत असतांना वाचली होती, आणि तिच्यावर एक-दोनदां प्रवचनही केलें होतें. परंतु प्रवचन करणें सोपें असतें. यंदा ती हकीकत आमच्याच दारीं आली.

आतां जें सांगणार आहों तें सांगावें कीं नाहीं, ह्याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. १७ व्या चौकटींत एका देवालयाचें चित्र आहे. तें आपलें देवालय नव्हे. पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसें दाटीनें उभीं आहेत, कोणाच्या डोक्यावर मूल आहे, कोणाच्या हातांत गांठोडें आहे, आणि त्यांच्या पाठीमागें देवालयाचें मोठें दार बंद आहे. चित्राखालीं नांव लिहिलेलें नाहीं.

त्या वर्षीं आम्ही वाकोल्यास नव्हतों. उपनगरांतील दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु होतों. त्या संध्याकाळीं मुख्य धर्मगुरु बाहेर अडकून पडले होते, आणि किल्ल्या आमच्या हातीं होत्या. देवालय उंचवट्यावर असल्यामुळें लोक तिकडे येऊं लागले. कांहीं आपले, पुष्कळ अनोळखी. सगळे चिखलानें माखलेले. त्याच महिन्यांत बांकांना नवें पॉलिश झालें होतें, आणि पुढच्या आठवड्यांत तेथें एक मोठा सोहळा व्हावयाचा होता. आम्हीं लोकांना पडवींत थांबावयास सांगितलें, आणि दार बंद ठेवलें. मनाला कारणें सांपडत गेलीं: पाऊस आतां उणावेल, पवित्र साक्रामेंत आंत आहे, कोण कोठला तें कळत नाहीं, मुख्य धर्मगुरूंना विचारल्यावांचून कसें करावें? सुमारें दोन तास तें दार बंद राहिलें. पाणी तिसऱ्या पायरीला लागलें तेव्हां आम्हीं तें उघडलें. दया आली म्हणून उघडलें, कीं दुसरा उपाय उरला नाहीं म्हणून उघडलें, हें आम्हीं आजवर स्वतःला अनेकदां विचारलें आहे; आणि त्याचें निश्चित उत्तर आम्हांला देतां आलेलें नाहीं. एवढें मात्र कळलें कीं, ज्या ख्रिस्ताच्या मानाखातर आम्हीं दार लावून घेतलें, तोच ख्रिस्त दोन तास बाहेर पायरीवर भिजत उभा होता.

हें चित्र घेऊन ज्या आजी आमच्याकडे आल्या, त्यांचें कुटुंब त्या रात्रीं त्या पायऱ्यांवर होतें. पुढें तें वाकोल्यास राहावयास आलें. दार कोणी लावलें होतें तें त्यांना ठाऊक होतें कीं नाहीं, आम्ही जाणत नाहीं. चित्र पाहतांच आम्हीं म्हटलें, "आजी, हें आपल्या धर्मग्रामाचें नाहीं, हें राहूं द्या." खरें कारण तें नव्हतें. त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. सकाळच्या मिस्सेनंतर आम्हीं त्यांना थांबवून घेतलें, आणि ती किल्ली कोणाच्या खिशांत होती तें सांगितलें.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, दार मागाहून उघडलंत, तेंही आम्ही पाहिलं. आंत घेतलंत, वेदीवरची चादर काढून माझ्या नातवाला गुंडाळलीत. पण तेव्हां फोटो काढायला कोणाचा हात मोकळा नव्हता."

बंधुभगिनींनो, हें ऐकून आमचें ओझें नाहींसें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. दोन तास ते दोन तासच. परंतु त्या माउलीनें अर्धें चित्र पुरें केलें, आणि पहिलें अर्धें पुसून टाकलें नाहीं. फ्लॉरेन्सच्या कारागिरांनीं केलें तें हेंच. म्हणून तें चित्र येथें लागलें आहे, आणि आमचें मत पालटलें तें ह्यासाठीं. जो धर्मग्राम आपल्या ज्युबिलींत केवळ फुलांच्या कमानी दाखवितो, त्याची आठवण अर्धी राहते.

कित्येकजण विचारतात, पूर ही परमेश्वराची शिक्षा होती काय? आम्ही म्हणतों, असें कोणी बोलूं नये. साकीनाक्याला दरडीखालीं जीं लेंकरें गेलीं त्यांनीं कोणतें पाप केलें होतें? नोहाच्या कथेंत देखील आपण पाणीच तेवढें ध्यानांत ठेवतों, आणि शेवट विसरतों. शेवटीं परमेश्वर ढगांत आपलें धनुष्य ठेवतो, तें आपण त्याचें स्मरण करावें एवढ्यासाठींच नव्हे, तर तें पाहून त्यानेंच आपला करार स्मरावा यासाठीं. परमेश्वर देखील आठवणीसाठीं एक चित्र आभाळांत लावतो, असें म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं. मग आपण भिंतीवर चित्रें लावलीं तर त्यांत अमंगळ तें काय?

आणि ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? लेवीय ग्रंथांत परमेश्वरानें इस्रायल लोकांना सांगितलें कीं, दर पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याचें शिंग फुंकावें, दासांना मोकळें करावें, आणि ज्याची जमीन गेली असेल त्याला ती परत द्यावी. कारण जमीन परमेश्वराची आहे, आपण तींत पाहुणे आहोंत. तेव्हां ज्युबिली म्हणजे केवळ बँड व जेवणावळ नव्हे. ज्युबिली म्हणजे ज्याचें त्याला परत करणें. आपण नदीची जमीन घेतली, खाजणाची जमीन घेतली, आणि कधींच परत केली नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं नदीनें एक दिवसापुरती ती स्वतःच परत घेतली. येथें नाल्याकांठच्या झोंपडीकडे बोट दाखविणें फार सोपें आहे. गरीब माणूस तेथें हौसेनें राहत नाहीं. धावपट्ट्या, रुंद रस्ते आणि कांचेच्या उंच इमारती ह्यांनींही तीच जमीन घेतली, आणि त्यांच्या सोयी आपणही भोगतों.

तेव्हां आपण काय परत करावें? सबंध नदी आपल्या हातीं नाहीं, परंतु चार गोष्टी आपल्या हातीं आहेत. त्या आम्हीं मंडळापुढें मांडल्या, आणि मंडळानें त्या मान्य केल्या आहेत.

पहिली गोष्ट किल्लीची. देवालय व सभागृह ह्यांच्या किल्ल्यांचे तीन जोड यापुढें तीन निरनिराळ्या घरीं राहतील. महापुराच्या वेळीं दार उघडण्यास कोणाच्या, आमच्या देखील, परवानगीची गरज राहणार नाहीं. जो येईल त्याला आंत घ्यावें. त्याचा धर्म, गांव, नांव मागाहून विचारावें. न विचारलें तरी चालेल. बांक पुनः पुसतां येतात.

दुसरी गोष्ट संत योआकिम व संत आन्ना ह्यांच्या लेंकरांची. तळमजल्यावर एकटे अथवा अंथरुणाला खिळलेले जे वृद्ध आहेत, त्यांची वाडीवार यादी दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं करावी, आणि प्रत्येकामागें जवळच्या दोन तरुणांचीं नांवें लिहावींत. यादी केवळ आपल्या धर्मग्रामस्थांची नसावी, शेजाऱ्यांचीही असावी.

तिसरी गोष्ट नाल्याची. लग्नकार्यांतील पत्रावळी, थर्मोकोलच्या थाळ्या, नाताळच्या गोठ्याचें सामान हें आपल्या हातून नाल्यांत जाऊं नये. नाल्यांतील गाळ वेळेवर निघाला कीं नाहीं, हें मे महिन्यांत आपण स्वतः जाऊन पाहावें. आणि निघाला नसेल तर पहिल्या पावसापूर्वींच लेखी तक्रार करावी. पाणी दारीं आल्यावर केलेली तक्रार हा नुसता विलाप होय.

चौथी गोष्ट चित्रांची. घरच्या छायाचित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांवें व साल लिहून ठेवा. शाईनें लिहूं नका, ती पुढच्या बाजूला उमटते. चित्रें कपाटाच्या वरच्या खणांत ठेवा. आणि कधीं भिजलींच, तर एकमेकांना चिकटलेलीं चित्रें ओढून सोडवूं नका. स्वच्छ थंड पाण्यांत ठेवून हलक्या हातानें सोडवा, आणि उन्हांत न घालतां, चित्राची बाजू वर करून सावलींत वाळवा. एकाच वेळीं सगळीं सोडविणें झालें नाहीं, तर पिशवींत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवा; पुढें सवडीनें सोडवितां येतात. धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या व लग्नाच्या नोंदवह्या वरच्या मजल्यावर हलविल्या गेल्या आहेत, हेंही येथें सांगून ठेवतों.

ह्या चार गोष्टी लहान आहेत. मोठ्या गोष्टी सरकारनें व महापालिकेनें कराव्यात, आणि त्या मागण्याचा आपला अधिकार आपण सोडूं नये. परंतु त्या रात्रीं जीं माणसें वांचलीं तीं बहुतेक लहान गोष्टींनींच वांचलीं: दोरानें, शिडीनें, एका उघड्या दारानें, शेजाऱ्यानें वेळेवर मारलेल्या एका हांकेनें.

आतां आम्ही अधिक वेळ घेत नाहीं. प्रदर्शनाचें उद्घाटन करण्यासाठीं कोणा मोठ्या पाहुण्याला बोलवावें असें ठरलें होतें. तो बेत आम्हीं मंडळाच्या संमतीनें बदलला आहे. ज्या आजींनीं १७ वें चित्र आणून दिलें, त्या येथें पहिल्या रांगेंत बसल्या आहेत. ह्या सभागृहाचें आंतलें दार अद्याप लावलेलें आहे, आणि किल्ली आमच्याकडे आहे. ती आम्ही त्यांच्या हातीं देतों. दार त्यांनीं उघडावें.

तत्पूर्वीं आपण सर्वांनीं उभें राहून, त्या दिवशीं जे गेले त्या सर्वांसाठीं, ते कोणत्याही धर्माचे असोत, आमच्या बापा व नमो मरिया ह्या प्रार्थना म्हणूं या. परमेश्वर मृतांस सार्वकालिक विश्रांति देवो, आणि जिवंतांस उघडीं दारें देवो. आमेन.